स्टेशनांची लागवड

कारखान्याचं बॉयलर पेटलं की ते सगळ्यात आधी आमच्या दोरीवरच्या कपड्यांना कळतं. सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा दुपारी काढायला जावं, तर त्यावर बारीक काळे ठिपके. कुणी लांबून शाईचं पेन झटकावं तसे. ही काजळी हातानं झटकली की पसरते, फुंकर मारली की उडते. फुंकर मारायची हे मला निर्मलानं शिकवलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी झटकत होतो.

काजळीच्या आधी पत्रिका येतात. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची वेगळी, उसाची पहिली मोळी टाकण्याची वेगळी. जाड कागद, सोनेरी कडा आणि नावांची अशी रांग की कार्यक्रम कशाचा आहे हे शोधायला पत्रिका दोनदा वाचावी लागते. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर हातात उरलेलं राज्यशास्त्र एवढंच, की पत्रिकेवरची नावं गेल्या वर्षी कुठल्या क्रमानं होती आणि यंदा कोण खाली घसरलं ते बघायचं. नेवासा तालुक्यातल्या आमच्या या गावात त्यासाठी वेगळं वर्तमानपत्र घ्यावं लागत नाही.

मग रस्त्यावरून उसाचे ट्रेलर सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रेलर, त्यांवर घराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर त्याच्या आयुष्यापेक्षा मोठा स्पीकर. गाणं लांबून येतं, घरातली भांडी किंचित हलवतं आणि फाट्याकडं निघून जातं. संध्याकाळी हवेत मळीचा आंबूस गोड वास उतरतो. पाहुणे नाक मुरडतात. आम्हाला तो आल्याशिवाय थंडी पडल्यासारखी वाटत नाही.

यंदा हे सगळं पुन्हा सुरू झालं, तसा मीही पुन्हा गोंधळलो. आतल्या खोलीत एक बाई बोलते आहे. सावकाश, मध्ये मोठं अंतर ठेवून. भाषा कुठली ते मला माहीत नाही. निर्मलालाही माहीत नाही. पण ती खुर्चीत बसून ऐकते आहे आणि मधूनच मान हलवते आहे. मी दारात काजळी पडलेला सदरा घेऊन उभा आहे, आणि गेल्या हंगामात नक्की काय हरवलं आणि काय सापडलं याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

ही बाई रेडिओवरची, आणि आमचा रेडिओ म्हणजे टेबलावरचा कॉम्प्युटर. आमची मुलगी अनघा पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तो मागं ठेवून गेली. त्यावर इंटरनेटमधून जगातलं कुठलंही स्टेशन लागतं, असं तिनं आईला एकदा दाखवलं. मला वाटलं, दोन दिवस कौतुक होईल, मग त्यावर विणलेला रुमाल पडेल. तसं झालं नाही. दुपारचं जेवण उरकलं की निर्मला सुपात गहू घेऊन कॉम्प्युटरपुढं बसायला लागली. एका हातानं खडे काढायचे, दुसऱ्या हातानं माऊस.

तिची पद्धत अशी होती. पडद्यावर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या. डावीकडं मोठी खिडकी; तिच्यात जगभरची स्टेशनं, देशांच्या नावांखाली. उजवीकडं दुसऱ्या एका प्रोग्रॅमची लहान खिडकी. ती निर्मलाची स्वतःची. मोठ्या खिडकीत भटकायचं, एखादं स्टेशन आवडलं की त्यावर बाण ठेवून माऊसचं बटण दाबायचं, दाबलेलंच ठेवायचं, स्टेशन ओढत ओढत लहान खिडकीवर आणायचं आणि बटण सोडायचं. स्टेशन तिथं पडायचं. भाजी मंडईत पाटीतून निवडलेलं वांगं आपल्या ताटलीत टाकावं, इतकं ते साधं दिसायचं. मी एकदा करून पाहिलं तर माझं स्टेशन वाटेतच कुठंतरी सांडलं आणि पुन्हा सापडलं नाही.

स्टेशन पडलं की ती त्याचं मूळ नाव खोडून स्वतःचं नाव लिहायची. मूळ नावं वाचता येतील अशा लिपीत असतीलच असं नव्हतं. तिची नावं मात्र स्वच्छ होती. ‘रडका पेटीवाला’. ‘भांडणाऱ्या बहिणी’. ‘खोकणारे सर’. ‘लग्नघर’. आणि एक ‘दुपारची’.

“अगं, यातलं तुला कळतं काय?” मी विचारायचो.

“काही नाही,” ती म्हणायची. “म्हणून तर बरं वाटतं. कळणारं सगळं ऐकून झालंय.”

आमच्याकडं ज्या दर्जाची भाषणं होतात ती पाहता हा युक्तिवाद मला खोडता आला नाही.

गेल्या वर्षी मोळी पडली त्याच आठवड्यात तिला पॅरालिसिसचा झटका आला. सकाळची वेळ होती, कपडे दोरीवर होते. अँब्युलन्स नगरकडं निघाली आणि फाट्याच्या पुढं उसाच्या ट्रेलरांच्या मागं अडकली. ड्रायव्हरनं सायरन वाढवला, पण पुढच्या ट्रेलरवरच्या गाण्यापुढं त्याचं काही चालेना. मी तिचा उजवा हात धरून बसलो होतो. धरून मीच बसलो होतो. तिचा हात माझा हात धरत नव्हता, एवढंच मला त्या प्रवासात कळलं.

दवाखान्यातून घरी आली तेव्हा ती थोडी चालत होती, ऐकलेलं समजत होतं, तोंड किंचित एका बाजूला ओढलं होतं. आणि बोलायला तिच्याकडं एकच शब्द शिल्लक होता. पिशवी. पाणी हवं तर पिशवी. पंखा बंद कर, पिशवी. अनघाचा फोन आला, पिशवी. हाच शब्द का, हे कुणालाच सांगता आलं नाही. बोलण्याचे व्यायाम घेणारी नगरची मुलगी म्हणाली, असं होतं काका, एखादा शब्द अडकून बसतो, बाकीचे त्याच्यामागं रांगेत उभे असतात. मग तिनं मला एक ताकीद दिली.

“त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. कितीही वेळ लागला तरी.”

मी आयुष्यभर वर्गात मुलांची वाक्यं पूर्ण करूनच पगार घेतला होता. मी बरं म्हणालो.

हाताचे व्यायाम घेणाऱ्याची ताकीद वेगळी होती. एका वाटीत हरभरे, शेजारी दुसरी वाटी मोकळी. एकेक हरभरा उजव्या हातानं उचलायचा, पलीकडं न्यायचा, सोडायचा. “धरणं लवकर येईल,” तो म्हणाला, “सोडायला वेळ लागेल.” मला हे उलटं वाटलं. पण तसंच झालं. काही आठवड्यांत निर्मला हरभरा धरायला लागली, दुसऱ्या वाटीवर न्यायला लागली, आणि तिथं तिची बोटं मिटलेलीच राहायची. ती हाताकडं बघत बसायची. कुणी दुसऱ्यानंच तिचा हरभरा धरून ठेवला आहे अशा नजरेनं.

त्या दिवसांत आमच्यात खरं संभाषण असं दुपारीच व्हायचं. मी कॉम्प्युटर लावायचो, तिची लहान खिडकी उघडायचो आणि वाचायला लागायचो. “रडका पेटीवाला लावू?” ती मान हलवायची, नाही. “खोकणारे सर?” नाही. “लग्नघर?” नाही, आणि वर किंचित हसू. “दुपारची?” मग ती डोळे मिटून मान खाली करायची, म्हणजे हो. बहुतेक दिवस ‘दुपारची’वरच थांबायचं. पण मला सगळी नावं वाचायला लावायची. नंतर माझ्या ध्यानात आलं की ती नावं तिचीच होती. तिला ती म्हणता येत नव्हती, म्हणून ती माझ्या तोंडून ऐकत होती.

‘दुपारची’ लागली की मी भांडी घासायला जायचो. नळाच्या आवाजात एवढंच कळायचं की कुणी बाई सावकाश बोलते आहे. ते मी कधी नीट ऐकलं नाही, आणि पुढं नेमकं तेच अंगाशी आलं.

लहान खिडकीवर एके दिवशी इंग्रजीत सूचना आली, की हा प्रोग्रॅम लवकरच बंद होत असून आजवरच्या साथीबद्दल कंपनी ऋणी आहे. निरोपसमारंभाची भाषा जगभर सारखीच असते. पुढच्या रविवारी अनघा आली, तिनं दुसरा एक प्रोग्रॅम आणून बसवला आणि परतीची गाडी पकडताना दारातून सांगितलं, “बाबा, काही नाही, जुन्यातून ओढायचं आणि नव्यात सोडायचं. आई करायची तसंच.”

मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी निर्मलाचा धाकटा भाऊ आला. त्याचं नाव भाऊसाहेब. त्याची शेती नदीच्या अंगाला आहे, ऊस आणि कांदा दोन्ही, आणि त्याला कुठल्याही विषयात शंका येत नाही. हा गुण मी फक्त त्याच्यात आणि व्यासपीठावरच्या माणसांत पाहिला आहे. त्याच्याकडं कांद्याची लागवड चालू होती. पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले, तसाच बहिणीला बघायला आला.

“आक्का, कशी हायेस?”

“पिशवी,” निर्मला म्हणाली.

“व्हय, व्हय,” तो म्हणाला आणि तिच्या पायाशी बसला. ती पेंगायला लागली तसा उठून माझ्यामागं येऊन उभा राहिला. “काय चाललंय, दाजी?”

मी त्याला सांगितलं. त्यानं दोन्ही खिडक्या पाहिल्या आणि त्याचा चेहरा उजळला.

“म्हंजी हे रोप हाय. हा रोपाचा वाफा, आन् ही लावायची जमीन.”

“तसंच काहीसं.”

“मंग यात काय आवघड हाय? हितनं उपटायचं, तिथं लावायचं. व्हा फुडं.”

मी ‘रडका पेटीवाला’वर बाण ठेवला, दाबला, श्वास रोखून ओढला आणि नव्या खिडकीवर सोडला. तिथं एक करडी पट्टी उमटली, तिच्यात तीन टिंबं. जुन्या खिडकीत ‘रडका पेटीवाला’ होता तिथंच होता.

“हे हितं बी ऱ्हायलं की,” भाऊसाहेब म्हणाला.

“राहू दे.”

“राहू दे कसं? लावलेलं रोप वाफ्यात ऱ्हातं का कुठं? मागं ऱ्हायलेलं फेकायचं असतं बांधावर. न्हाई तर काय लावलं आन् काय ऱ्हायलं, तुमालाच कळायचं न्हाई.”

खरं म्हणजे मला ते पटलं. कांद्याची लागवड मी लहानपणापासून पाहत आलो आहे. रोप एका वेळी एकाच जागी असतं. इथं असेल तर तिथं नसतं. जगातल्या सगळ्याच गोष्टी तशा असतात, असं समजूनच माणूस चालतो. भाऊसाहेबानं त्या मागं राहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि डिलीटचं बटण त्याला सापडलं. मग आमची जोडी जमली. मी ओढायचो, तो उपटायचा. मी नव्या वाफ्यात लावायचो, तो जुना वाफा मोकळा करायचा. त्या दिवशी इंटरनेट रांगत होतं. नव्या खिडकीत करड्या पट्ट्या आणि टिंबं एवढंच दिसत होतं. “अजून पानी न्हाई मिळालं त्यांला,” भाऊसाहेब म्हणाला. “धरत्याल.” जुनी खिडकी स्वच्छ पांढरी झाली तेव्हा त्यानं हात झटकले. एवढं नीटनेटकं काम मी कॉम्प्युटरवर त्याआधी कधी केलं नव्हतं.

आम्ही चहा ठेवला. चहा होईपर्यंत टिंबं गेली आणि पट्ट्यांवर नावं उगवायला लागली. एकही नाव निर्मलाचं नव्हतं. लांबलचक परकी नावं, काही आकड्यांत, काही अशा लिपीत की अक्षर कुठं संपतं ते कळेना. प्रत्येक स्टेशन आपलं स्वतःचं अधिकृत नाव घेऊन उगवलं होतं.

भाऊसाहेब कप हातात धरून बघत राहिला. “दाजी,” तो म्हणाला, “हे दुसरंच उगावलं.”

मी अनघाला फोन लावला.

“अगं, आईनं दिलेली नावं गेली.”

“नव्यात नाही येणार ती. जुन्यात असतील की.”

“जुन्यातली उपटली.”

“उपटली म्हणजे?”

“तुझ्या मामाला विचार.”

ती हसली, मग तिला कळलं आणि ती हसायची थांबली. “बाबा, ओढलं तरी जुनं तिथंच राहतं. फक्त पत्ता जातो पलीकडं. जुनं काढायचं नसतं.”

“मग त्याला ओढणं का म्हणतात?”

तिनं दुसऱ्या दिवशी लांबूनच काही खटपट करून पाहिली, पण वाफा मोकळा तो मोकळाच. पुढच्या आठवड्यात जुना प्रोग्रॅम ठरल्याप्रमाणं बंद पडला. आभार मात्र पुन्हा मानले.

पत्ता जातो, या शब्दापाशी मी अजूनही अडखळतो. मी ओढत होतो तेव्हा नक्की काय ओढत होतो? स्टेशन तर कुठल्याशा गावात आपल्या जागी बसलेलं. तिथला माणूस खोकत असेल, पाणी पीत असेल. नेवासा तालुक्यात आपल्याला एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत लावलं हे त्याच्या गावीही नसणार. हलला तो नुसता त्याच्याकडं जायचा रस्ता. आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी निर्मलानं लावलेली पाटी तेवढी पडली. आता पाटी म्हणजे काय एवढं मोठं, असंही मनात यायचं. आमच्या जिल्ह्याच्या पाट्या बदलल्या, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. एसटीत आम्ही कंडक्टरला आधीही नगर म्हणायचो, आताही नगरच म्हणतो, आणि तो पोचवतो. स्टेशनंही होतीच की, सगळीच्या सगळी. गाणी वाजत होती. मग हरवलं काय? तिचे शब्द. जिच्याकडं एकच शब्द उरला आहे अशा बाईचे आणखी काही शब्द कुठं तरी लिहिलेले होते, आणि ते आम्ही दोघांनी मिळून बांधावर फेकले.

त्या दिवशी निर्मला झोपेतून उठली तेव्हा मी नेहमीसारखा कॉम्प्युटरपुढं बसलो आणि मला वाचायला काही नव्हतं. मी आठवेल तसं म्हणालो, “रडका पेटीवाला?” तिनं मान हलवली, नाही. “दुपारची?” हो. मग मी अंदाजानं एक पट्टी दाबली. तिच्यातून घोड्यांच्या शर्यतीसारखं काहीतरी धावायला लागलं. दुसरी दाबली, ढोल. तिसऱ्या पट्टीत बाई होती, पण घाईत होती.

“ही का?”

“पिशवी.”

“म्हणजे ही नाही?”

“पिशवी.”

“का हीच?”

“पिशवी,” असं म्हणून तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

असं बरेच दिवस चाललं. सावकाश बोलणाऱ्या बायका त्या खिडकीत एकाहून जास्त होत्या. एक कदाचित बातम्या देत असेल, एक कदाचित प्रार्थना. मी प्रत्येकीपाशी विचारायचो आणि प्रत्येकीपाशी मला तेच उत्तर मिळायचं. दुपारी आमच्या खोलीत दोन परक्या भाषा असायच्या. एक कॉम्प्युटरची आणि एक माझ्या बायकोची. पहिली न कळण्याची मला लाज वाटत नव्हती.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवाचे दिवस आले. इथल्या एका महिला मंडळानं ठरवलं की निर्मलाताई येऊ शकत नाहीत, तर आपण त्यांच्याकडं जाऊ, आणि नुसतं हळदीकुंकू नको, त्यांच्या जिद्दीचा सन्मानही करू. फोटो काढणाराही सोबत आणला. अध्यक्षबाईंनी आमच्या बाहेरच्या खोलीत उभं राहून भाषण केलं. ऐकणारे सगळे हाताच्या अंतरावर होते, तरी आवाज मैदानाचा होता. जीवनाचं रणांगण आलं, नियतीचे घाव आले, दीपस्तंभ आला. निर्मला खुर्चीत शाल सावरत बसली होती. मग तिळगूळ झाला, आणि वाण म्हणून तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी ठेवण्यात आली. पिशवीवर अध्यक्षबाईंचा हसरा फोटो, खाली मंडळाचं नाव.

निर्मलानं फोटो पाहिला. मग अध्यक्षबाईंकडं पाहिलं. मग म्हणाली, “पिशवी.”

खोलीत टाळ्या पडल्या.

“बघा, बोलल्या की,” एक बाई म्हणाली.

“कशा ओळखल्या हो बरोबर,” दुसरी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

“हे स्नेहाचं बळ आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि फोटोवाल्यानं त्यांना ते पिशवी धरून पुन्हा म्हणायला सांगितलं.

मी निर्मलाकडं बघत होतो. झटका आल्यापासून तिचं एखादं बोलणं मला इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. या स्वरात ती पूर्वी स्वयंपाकघरातून, माझे मित्र चहा संपल्यावरही बसून राहिले की, मला हाक मारायची. शब्द तेव्हा वेगळे असायचे. अर्थ हाच, की ही मंडळी कधी उठणार आहेत. मी बायकांना उशीर होत असेल असं म्हणालो. त्या गेल्यावर मी निर्मलाला विचारलं, “गेल्या एकदाच्या?”

“पिशवी,” ती म्हणाली. हा दुसरा होता. हा समाधानाचा होता.

इतके दिवस मी शब्द ऐकत होतो. ती मात्र कितीतरी वर्षं शब्द न कळता माणसं ऐकत आली होती. कोण रडतं, कोण भांडतं, कोण उगाच खोकतं. हे घरातल्या घरात एवढ्या उशिरा लक्षात यावं, याला राज्यशास्त्रही कारण असू शकेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरची पट्टी लावली आणि विचारायचं बंद केलं. नुसता बसलो. बराच वेळ गेला. ती म्हणाली, “पिशवी,” शेवटचं अक्षर लांबवून, थोडं कीव केल्यासारखं. पेटी कण्हत होती. मी नावाची चौकट उघडली आणि तिनं म्हटलं तेच लिहिलं. कुठली पिशवी हे पुढं लिहावं असं मनात आलं, पण लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते माझे शब्द झाले असते. पुढच्या पट्टीवर ती फणकाऱ्यानं म्हणाली, तेही लिहिलं. असं करत करत सगळी खिडकी भरली.

भाऊसाहेब आला तेव्हा त्यानं पडद्याकडं वाकून पाहिलं. “दाजी, समदं पिशवीच?”

“हो.”

“मंग वळखायचं कसं?”

“प्रत्येक वेगळी आहे.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बहिणीकडं, आणि दोघांपैकी कुणाला जास्त झालं आहे याचा तो विचार करत असावा. “कांदा बरा धरलाय,” एवढंच म्हणाला.

पण ‘दुपारची’ त्यात नव्हती. कुठल्याच बाईपाशी निर्मलानं तशी डोळे मिटून मान खाली केली नाही. ते स्टेशन वाटेत सांडलं असेल, किंवा मी ओढायच्या आधीच भाऊसाहेबानं उपटलं असेल, किंवा खिडकीत असेलही आणि तिलाच आता ते नको असेल. यातलं काय खरं, मला माहीत नाही.

हंगाम संपत आला होता. रस्त्यावरचे ट्रेलर विरळ झाले होते. हरभऱ्याच्या दोन वाट्या टेबलावर होत्या, कॉम्प्युटरच्या शेजारी. निर्मलानं एक हरभरा उचलला, परत ठेवला, आणि हात माऊसवर नेला. उजवा. मी माऊस तिच्या डाव्या हाताकडं सरकवायला गेलो तर तिनं तो जागचा हलू दिला नाही. ओठ घट्ट मिटून तिनं मोठी खिडकी उघडली, जगभरच्या स्टेशनांची, झटका आल्यापासून कुणीच न उघडलेली. आणि भटकायला लागली. बाण थरथरत होता. देशांवरून देश सरकत होते. एका ठिकाणी ती थांबली, दाबलं, आवाज आला. बाईचा आवाज, सावकाश, मध्ये मोठं अंतर. मागं कागद उलटल्यासारखं काहीतरी.

निर्मलानं त्या नावावर बाण ठेवला, बटण दाबलं आणि ओढायला सुरुवात केली. नाव बाणाला चिकटून निघालं. मोठ्या खिडकीची कड ओलांडली, मधली पट्टी ओलांडली, लहान खिडकीवर आलं. पिशव्यांच्या रांगेच्या वर येऊन थांबलं. आणि तिथंच राहिलं. आता फक्त बोट उचलायचं होतं, आणि बोट उठत नव्हतं.

ना या खिडकीत, ना त्या. मी तिच्या बोटाकडं बघत होतो. नख पांढरं पडलं होतं. तिच्या कपाळावर घाम आला. स्टेशन पडद्यावर थरथरत लटकलं होतं, आणि ती लांबची बाई सावकाश बोलत होती, तिला कशाचीच घाई नव्हती. एवढंसं काम. नुसतं तिचं बोट वर करायचं. माझा हात मी न सांगताच पुढं गेला.

“थांब,” निर्मला म्हणाली.

मी हात मागं घेतला. काय झालं ते आधी मला कळलंच नाही. इतक्या सवयीचा शब्द होता तो. आमच्या संसारात तिनं मला सगळ्यात जास्त वेळा सांगितलेला. ती माझ्याकडं बघतही नव्हती. बोटाकडं बघत होती. मग ते बोट उठलं. फार थोडं, कागद सरकवण्याइतकं. स्टेशन पडलं, तिला हवं होतं तिथं नाही, दोन पिशव्यांच्या मध्ये कुठंतरी. पण पडलं, आणि वाजत राहिलं.

तिनं डोळे मिटले आणि मान खाली केली.

ती तीच जुनी ‘दुपारची’ होती, का ही नवीनच कुणी, हे मी विचारलं नाही. विचारून मला कळलं असतं असंही नाही. मी नावाची चौकट उघडली. आतली रेघ लुकलुकायला लागली. मला एक नाव सुचलं होतं, चांगलं होतं. मी बोटं कीबोर्डवर ठेवून निर्मलाकडं पाहिलं. ती ऐकत होती.

त्याला आता सात-आठ महिने होत आले. तिच्याकडं शब्द परत येताहेत, आपापल्या मर्जीनं. कधी नको तो आधी येतो, कधी पाहुण्यांसमोर येतो. पिशवी अजून आहे. त्या खिडकीत पिशव्यांच्या मध्ये एक ओळ मोकळी आहे, आणि रोज दुपारी आम्ही तीच लावतो. आज सदऱ्यावरची काजळी फुंकून मी आत आलो, तिच्या शेजारी बसलो. अंतर ठेवत बाई बोलते आहे. नावाच्या जागी काय लिहायचं ते निर्मलानं अजून सांगितलेलं नाही. तिनं थांब म्हटलं आहे, आणि मी थांबलो आहे.